चिक चॉकलेट : नुसती आर्मस्ट्राँगची नक्कल?

तबकडीवाला : कालच्या पोस्टीत एकाने लिहिलंय, ट्रंपेटवाल्या चिक चॉकलेटच्या जुन्या तबकड्या आता कशाला उकरताय, अमेरिकेतल्या जॅझवाल्या लुई आर्मस्ट्राँगची नक्कल होती, बास. डोकंच फिरलं. घोगरा आवाज, हातात रुमाल, सगळं मान्य. ताज हॉटेलात येणाऱ्या गिऱ्हाइकाला तेच हवं होतं. पण गोव्यातल्या हळदोण्याच्या या आंतोनियो झेवियर वाझने १९४०च्या दशकात मुंबईत कोलंबिया या तबकड्यांच्या कंपनीसाठी काय वाजवलंय ते ऐकलंय का? तीन मिनिटांची बाजू, जोडकाम नाही, एक सूर घसरला की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून.

कोथरूडकर : नक्कल ती नक्कल. किशोरकुमारची नक्कल करणारे गल्लोगल्ली आहेत.

म्हापशेकर : त्यातल्या कुणाला संगीतकार सी. रामचंद्रांनी, म्हणजे अण्णांनी, साहाय्यक म्हणून घेतलं असतं? त्यांच्या ‘अलबेला’ सिनेमातली (१९५१) गाणी ऐका. ते ब्रास, ती ट्रंपेटसारखी पितळी वाद्यं, आकाशातून पडली नाहीत. अर्धं श्रेय चिकचं.

अण्णाभक्त : आलं! अर्धं? चाली अण्णांच्या. वाजवणाऱ्याने वाजवलं, पैसे घेतले, विषय संपला.

म्हापशेकर : चाल कोण नाकारतंय? पेटीवर सुचलेली चाल अख्ख्या वाद्यवृंदाला स्टाफ नोटेशनमध्ये, म्हणजे पाश्चात्त्य स्वरलिपीत, लिहून कोण देत होतं? सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस. चर्चच्या शाळेत सॉल्फेज, म्हणजे पाश्चात्त्य सारेगम, घोकलेली गोंयची माणसं. प्यारेलालांनी आपल्या गुरूचं नाव गाण्यात घातलं म्हणून निदान गोन्साल्विस तरी लोकांच्या तोंडी आहे. बाकीच्यांचं काय?

अण्णाभक्त : आणि आमच्या ढोलकीवाल्यांची नावं टायटलमध्ये ठळक अक्षरांत यायची वाटतं! माझे वडील लालबागला लग्नाच्या बँडात ट्रंपेट वाजवायचे. मे महिन्यात एका दिवसात दोन-दोन वराती. रात्री घरी यायचे तेव्हा ओठ सुजलेले, आई तूप लावायची, भाकरी दुधात कुस्करून द्यायची. त्यांच्यावर कुणी लेख लिहिला नाही. ताजमध्ये वाजवलं की कलावंत, रस्त्यावर वाजवलं की बँडवाला.

कोथरूडकर : नकलेचा मुद्दा कुठल्या कुठे गेला.

म्हापशेकर : तुमच्याकडे होता कुठे मुद्दा?

तबकडीवाला : अण्णाभक्त, वडिलांची एक जरी तबकडी निघाली असती तर तीही इथेच लावली असती. चिकच्या उरल्यात, म्हणून त्याच्यावर बोलतोय. अर्धं श्रेय मात्र मलाही जास्त वाटतं, म्हापशेकर.

म्हापशेकर : बरं, पाव. खूश?

अण्णाभक्त : लिंक टाका, ऐकतो. खरखर काढलेली आवृत्ती नको, त्यात ट्रंपेट पत्र्याच्या डब्यासारखा वाजतो. आणि चाली अण्णांच्याच.