मदत हवी आहे: अमेरिकेत पदवीसाठी अर्ज. आर्थिक मदत मागावी की नाही, आणि शाळेत काउन्सेलरच नसेल तर?

नमस्कार मंडळी,

भाचीसाठी विचारतेय. बारावीला आहे, पुढच्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत पदवीला जायचं असं तिच्या डोक्यात पक्कं आहे. भौतिकशास्त्राची आवड, शाळेतले मार्क चांगले, सॅट या अमेरिकी प्रवेशपरीक्षेत १६०० पैकी १४८०. घरात यापूर्वी कुणी परदेशी शिकायला गेलेलं नाही. ऑफिसात दिवसभर फॉर्म तपासणं हेच माझं काम, त्यामुळे दादाने हे प्रकरण माझ्या गळ्यात घातलंय.

खरी अडचण पैशाची. दादा-वहिनी मिळून वर्षाला साधारण १८ हजार डॉलर उभे करू शकतील, तेही ओढूनताणून. खाजगी कॉलेजांची पानं उघडली तर ट्यूशन, राहणं, जेवण, विमा असं सगळं धरून बऱ्याच ठिकाणी आकडा ९० हजारांच्या वर दिसतो. मला आधी वाटलं, चार वर्षांचा असेल. नाही, एकाच वर्षाचा.

एका एजंटाकडे जाऊन आलो. त्याचं म्हणणं, अर्जात "आर्थिक मदत हवी आहे का?" या प्रश्नाला सरळ "नाही" लिहा. "हो" लिहिलंत की फाइल बाजूला पडते, एकदा आत शिरल्यावर हवी तेवढी मागता येते. शाळेत काउन्सेलर, म्हणजे शाळेच्या वतीने अर्जाची कागदपत्रं भरणारा मार्गदर्शक, नाही म्हटल्यावर तो म्हणाला, "त्याची काळजी नको, शिक्षकांच्या नावाने ईमेल आयडी आम्ही काढतो, पत्रं तयार असतात." हे मला खटकलं. वहिनी म्हणते, सगळे तसंच करत असतील, आपणच कशाला शहाणपणा करायचा?

तर मदत मागितल्याने प्रवेश खरंच हुकतो का? काउन्सेलरची कागदपत्रं कुणी भरायची? आणि हे अर्ली डिसिजन प्रकरण, म्हणजे एकाच कॉलेजला शब्द देऊन लवकर अर्ज करणं, आमच्यासारख्यांनी करावं का? तारीख १ नोव्हेंबर आहे, म्हणून जरा घाईत आहे. जाणकारांनी प्लीज सांगा.

---

प्रतिसाद

ताई, आधी त्या एजंटाला नमस्कार करून मोकळ्या व्हा. बाकीचं नंतर.

तो अर्धं खरं बोललाय, म्हणून जास्त धोकादायक. परदेशी विद्यार्थ्यांच्या बाबतीत बहुतेक कॉलेजं "नीड-अवेअर" असतात. म्हणजे निवड करताना या मुलीला किती पैसे द्यावे लागतील हेही पाहतात, आणि मदत मागितल्याने संधी कमी होते हे खरंच आहे. ऐपत अजिबात न बघता परदेशी मुलांना निवडणारी, म्हणजे "नीड-ब्लाइंड", कॉलेजं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी: हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट, २०२२ पासून डार्टमथ आणि बोडन, अलीकडे ब्राउन, नोत्र दाम अशी आणखी थोडी. पण ही नावं बघून हुरळू नका. तिथे जगभरातून अर्ज येतात आणि घेतात मूठभर.

त्याचं दुसरं वाक्य मात्र तुम्हाला बुडवेल. "आत गेल्यावर मागता येते" हे परदेशी विद्यार्थ्यांना बहुतेक ठिकाणी लागू नाही. कितीतरी कॉलेजांनी आपल्या पानावर स्पष्ट लिहिलेलं असतं की प्रवेशाच्या वेळी मदत मागितली नाही, तर नंतर चारही वर्षं मागता येणार नाही. शिवाय व्हिसासाठी आय-२० हा कागद लागतो आणि तो देण्याआधी पहिल्या वर्षाच्या पूर्ण खर्चाची सोय कॉलेजला दाखवावी लागते. आता "नाही" लिहिलंत तर एप्रिलमध्ये प्रवेशाचं पत्र हातात असेल, आणि ९० हजार कुठून दाखवायचे हा प्रश्न समोर. प्रवेश मिळून न जाता येणं यापेक्षा न मिळालेला बरा.

तेव्हा मदत मागाच, आणि मदत मागूनही जिथे आशा आहे अशी यादी करा. मुलगी आहे म्हणून महिलांची कॉलेजं आवर्जून बघा: स्मिथ, माउंट होलिओक, ब्रिन मॉर, वेल्सली. आपल्याकडे नाव ऐकलेलं नसतं म्हणून लोक नाक मुरडतात. पण ही कॉलेजं परदेशी मुलींना चांगली मदत देतात, आणि स्मिथमध्ये तर इंजिनिअरिंगची पदवीही आहे. मॅकॅलेस्टर, ग्रिनेल अशी छोटी लिबरल आर्ट्स कॉलेजंही पाहा (नावात आर्ट्स असलं तरी विज्ञानही शिकवतात). याउलट कॅलिफोर्नियाची सरकारी विद्यापीठं, बर्कली, यूसीएलए वगैरे, परदेशी मुलांना गरजेवर आधारित मदत देत नाहीत. १८ हजारांत ते गणित बसत नाही. उगाच अर्जाची फी घालवू नका.

---

प्रतिसाद

वरच्याला अनुमोदन. काउन्सेलरचं मी सांगतो, हे काम शाळेत बसून निस्तरलंय.

कॉमन अ‍ॅप, म्हणजे बऱ्याच कॉलेजांना एकाच ठिकाणाहून अर्ज करायची वेबसाइट, तिथे "काउन्सेलर" हे पद म्हणून बघू नका. शाळेच्या वतीने जबाबदारीने बोलणारी व्यक्ती, एवढाच अर्थ. मुख्याध्यापक, उपमुख्याध्यापक, वर्गशिक्षक, कुणीही चालतं. मुलीने आधी आपली शाळा आणि निदान एक कॉलेज खात्यात टाकायचं, फर्पाच्या (विद्यार्थ्याच्या कागदपत्रांच्या गोपनीयतेचा अमेरिकन कायदा) पानावर सही करायची, मग त्या व्यक्तीचा ईमेल भरून आमंत्रण पाठवायचं. त्यांना थेट कॉमन अ‍ॅपकडून लिंक जाते. पत्र, गुणपत्रकं, स्कूल रिपोर्ट सगळं तेच चढवतात. तिने किंवा तुम्ही चढवायची सोयच नाही, आणि म्हणूनच एजंट खोटे आयडी काढायला बघतो. पकडलं तर प्रवेश रद्द होतो, अगदी तिथे पोचल्यावरसुद्धा. वहिनींना हे वाचून दाखवा.

फर्पाच्या पानावर शिफारसपत्रं वाचण्याचा हक्क सोडायचा का, असं विचारतात. सोडायचा. न सोडल्यास पत्रावरचा विश्वास कमी होतो.

नववीपासूनच्या गुणपत्रकांच्या प्रती शाळेच्या शिक्क्यासह स्कॅन करून ठेवायला सांगा. काही मजकूर मराठीत असेल तर मूळ प्रतीसोबत इंग्रजी भाषांतर जोडायचं. स्कूल रिपोर्टमध्ये वर्गात किती मुलं, क्रमांक काढता का, गुणपद्धत कशी असं विचारतात. क्रमांक काढत नसाल तर तसा पर्याय आहे, ओढूनताणून नंबर द्यायची गरज नाही. आणि एक पानी शाळेची ओळख जरूर लिहून घ्या: कुठलं बोर्ड, ९० टक्के म्हणजे त्या शाळेत काय दर्जा, कुठले विषय शाळेत शिकवलेच जात नाहीत. तिकडच्या वाचणाऱ्याला आपले टक्के आपोआप कळत नाहीत. ९० आणि ९५ मधलं अंतर आपल्यासाठी डोंगराएवढं, त्यांच्यासाठी दोन्ही "ए".

शिक्षकांच्या पत्राबद्दल. आपले सर लिहितात, "शी इज सिन्सिअर, ओबीडियंट अँड पंक्च्युअल." हे चारित्र्याच्या दाखल्याला ठीक. इथे एखादा प्रसंग हवा. लंबकाच्या प्रयोगात सगळ्यांचं उत्तर चुकत होतं, तेव्हा हिने दोरीची लांबी गाठीपर्यंत नव्हे तर गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजायला हवी हे दाखवून दिलं, असलं काहीतरी. सरांना तसं आठवतं का विचारा, आठवण करून द्या. मात्र पत्र लिहून हातात देऊ नका.

---

प्रतिसाद

अर्ली डिसिजनवर थोडं वेगळं मत. सरसकट "करू नका" म्हणणारे बरेच भेटतील. अर्ली डिसिजन म्हणजे एकाच कॉलेजला शब्द देणं: घेतलंत तर येणारच, बाकीचे अर्ज मागे. त्यावर मुलगी, पालक आणि काउन्सेलर तिघांच्या सह्या लागतात. पण दिलेली मदत पुरत नसेल तर त्या शब्दातून सुटता येतं, ही सोय बहुतेक ठिकाणी मान्य आहे. नीड-अवेअर कॉलेजात परदेशी मुलांसाठीचा पैसा मोजकाच असतो आणि त्यातला एक वाटा पहिल्या फेरीतच जातो. त्यामुळे एखादं कॉलेज मनापासून आवडलं असेल आणि ते गरज पूर्ण भागवतं असं लिहीत असेल, तर मी तरी अर्ली डिसिजन करेन. तोटा एकच, दोन कॉलेजांच्या मदतीची तुलना करता येत नाही.

हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन यांचं प्रकरण निराळं. ते अर्ली अ‍ॅक्शन. जावंच लागत नाही, पण त्या काळात दुसऱ्या खाजगी कॉलेजला अर्ली अर्ज करायला बहुतेक मनाई असते. दोन्हींची गल्लत करू नका.

आणि १ नोव्हेंबर गाठायचा म्हणून निबंध घाईत उरकू नका. बऱ्याच कॉलेजांत अर्ली डिसिजनची दुसरी फेरी जानेवारीत असते, अटी त्याच.

---

धागालेखिका

किती आभार मानू! एजंटाला "नको" म्हणून कळवून टाकलं. मुख्याध्यापक तयार आहेत, शाळेतली कारकून बाई तर माझ्यापेक्षा उत्साही निघाली, नववीची गुणपत्रकं तिनेच शोधून काढली. वहिनीने हा धागा वाचला, आता ती गप्प आहे.

नवी अडचण. अर्जात उपक्रमांसाठी १० जागा आहेत आणि भाचीचा चेहरा पडलाय. ऑलिंपियाड नाही, एनजीओ नाही, संशोधनाचं काही नाही. शाळेतून आली की आजीचं सगळं तीच बघते, आईच्या, म्हणजे माझ्या आईच्या, अर्धांगवायूनंतर. संध्याकाळी शेजारच्या लहान मुलांना गणित शिकवते, थोडे पैसे मिळतात. हे काय लिहायचं, असं ती म्हणते.

---

प्रतिसाद

हेच लिहायचं! कॉमन अ‍ॅपच्या उपक्रमांच्या यादीत "कौटुंबिक जबाबदाऱ्या" असा वेगळा प्रकार आहे, आणि पगारी कामाचाही. कुणाची दया म्हणून ते ठेवलेले नाहीत. आठवड्याला किती तास, वर्षातले किती आठवडे हेही विचारतात. खरे तास भरा, बघा किती होतात ते. १० जागा भरल्याच पाहिजेत असंही नाही. पाच खऱ्या असल्या तर पाचच.

वर्णनाला मोकळ्या जागा धरून १५० अक्षरंच मिळतात. म्हणून "आजीची सेवा करते" असं न लिहिता काय करते ते लिहायचं: औषधांच्या वेळा, फिजिओथेरपीचे व्यायाम, रक्तदाबाची नोंदवही. शिकवणीचंही तसंच, किती मुलं, कितवीची, कशात अडतात.

निबंधाला ६५० शब्दांची मर्यादा. आजीवरच लिहिलं पाहिजे असं तिला कुणी सांगेल, तर तिच्या मनात असेल तरच लिहू दे. वाचणाऱ्याला रडवण्याचा कार्यक्रम नको. व्यायामाच्या नोंदी ठेवताना तिला काही प्रश्न पडला असेल, तर ते आजारपणापेक्षा जास्त तिचं आहे.

---

प्रतिसाद

उपक्रमांचं झालं, आता पैशाच्या फॉर्मचं, कारण ते सगळे विसरतात. फाफ्सा या अमेरिकन सरकारी मदतीच्या फॉर्मच्या वाटेला जाऊ नका, तो अमेरिकन नागरिक आणि तिथल्या कायम रहिवाशांसाठी. तुम्हाला बहुतेक ठिकाणी सीएसएस प्रोफाइल, म्हणजे घरच्या पैशाची माहिती कॉलेजांना देणारा ऑनलाइन फॉर्म, लागेल. पहिल्या कॉलेजला २५ डॉलर, पुढच्या प्रत्येकाला १६. काही कॉलेजं त्याऐवजी आयएसएफएए नावाचा फुकट फॉर्म घेतात. प्रोफाइलची फी जड जात असेल तर कॉलेजच्या मदत-विभागाला सरळ ईमेल करून विचारा, काही जण फी माफीचा कोड देतात किंवा आयएसएफएए चालवून घेतात. ईमेल भाचीच्या नावाने जाऊ दे, आत्याच्या नाही. अर्जाच्या फीचंही तसंच विचारून पाहा.

प्रोफाइलमध्ये उत्पन्न आपल्याच चलनात भरता येतं. आजीच्या औषधोपचाराचा खर्च वेगळा दाखवा. विशेष परिस्थिती लिहायला जागा असते, ती रिकामी सोडू नका. दादांच्या पगाराचे आणि कराचे कागद आताच एका फाइलीत लावून ठेवा, कारण या फॉर्मची तारीख काही ठिकाणी अर्जाच्या तारखेच्या जवळपासच असते. कुठल्या कॉलेजला कुठला फॉर्म आणि कधी, याचा तक्ता करून इथे टाकलात तर नजर घालतो.