नाइसजीयूआयमध्ये स्वतःचा शेडर: २४ पैकी ८ चौकटी कोऱ्या, आणि पैठणी पत्र्यासारखी दिसायलीय

मागावरची_लेक, पैठण
घरी दोन हातमाग. एकावर बाबा, एकावर काका. मी संभाजीनगरला नोकरीला, शनिवारी रात्री घरी येते. गिऱ्हाईक आजकाल फोनवरच विचारतं, "राणी आणि हिरवा मिळून कसा दिसंल?" ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असला की कापड हलवताना रंग फिरतो. फोटोत ते येत नाही आणि प्रत्येक जोडीचा तुकडा काही घरात नसतो. म्हणून नाइसजीयूआयवर (पायथनमधूनच वेबपान बनवायची लायब्ररी) एक पान करायला घेतलंय, जोडीचं कापड थ्री-डीत फिरवून दाखवणारं. त्यातला तयार थ्री-डी सीन मला पुरेना, शेडर (प्रत्येक ठिपक्याचा रंग ठरवणारा छोटा प्रोग्राम) माझाच टाकायचाय. म्हणून एलिमेंटचा सबक्लास केला आणि त्याला माझी जावास्क्रिप्ट फाइल जोडली, आत थ्री-जेएस, म्हणजे ब्राउजरात थ्री-डी चित्र काढणारी लायब्ररी.

आता रडगाणं. साध्या एचटीएमएल फाइलीत जो कोड निमूट चालतो, तोच इथं पहिल्याच रेंडरला अडकतो. एरर मॉडेलव्ह्यूमॅट्रिक्सच्या नावाने येतो, प्रॉक्सीने मूळ व्हॅल्यू दिली नाही अशी तक्रार. पान रिफ्रेश करून दहा वेळा बघितलं, तेच.

एका चौकटीपुरता जुगाड करून तो एरर टाळला, तर दुसरंच. पानावर २४ रंगजोड्या आहेत, प्रत्येकीची वेगळी चौकट, म्हणजे वेगळा कॅनव्हास. लॅपटॉपवर पहिल्या ८ कोऱ्या. बाबांच्या मोबाइलवर तर शेवटच्या ८ च दिसतात. डेटा सगळा बरोबर जातोय, प्रिंट करून पाहिला.

आणि जे दिसतं ते बाबांना दाखवलं तर म्हणले, "हे कापड नाही बाई, पत्र्याला रंग दिल्यागत दिसायलं. त्यातही दिवेलागणीला बघितल्यागत काळपट." हे मला सगळ्यात जास्त लागलं.

उदगीरचा_आळशी
स्ट्रीमलिट वापरा ना ताई, तीही पायथनची तसलीच लायब्ररी. एचटीएमएल टाकायचं, पाच ओळींत काम.

मागावरची_लेक
दादा, आधी तिथंच केलं होतं. रंगाचा स्लायडर हलवला की अख्खी स्क्रिप्ट वरून खाली परत चालते. एचटीएमएल बदललं की आयफ्रेम नव्याने लोड. गिऱ्हाइकाने बोटाने फिरवून धरलेला पदर दर वेळी पहिल्या जागी जाऊन बसतो. घरात दोन दिवस त्यावरून हसले माझ्यावर.

जिंतूर_रोड, परभणी
स्ट्रीमलिटमध्येही कंपोनंट रीतसर डिक्लेअर करून त्याला कायमची की (ओळख) दिली तर तो जागेवर राहतो. पण आता इथवर आलात तर मागं फिरू नका.

पहिला एरर: तुम्ही सीन, मेश (कापडाचा जाळीदार आकार), कॅमेरा हे सगळं डेटा फंक्शनमधून रिटर्न करताय, बरोबर? नाइसजीयूआयच्या खाली व्ह्यू ३ हा जावास्क्रिप्ट फ्रेमवर्क आहे. डेटामध्ये जे ठेवाल त्याला तो प्रॉक्सीचं आवरण घालतो. थ्री-जेएस आपल्या वस्तूंवर काही प्रॉपर्टी कायमच्या कुलूपबंद करून ठेवतं. त्या प्रॉक्सीतून मागितल्या की जावास्क्रिप्टच आडवी येते. सीन डेटात ठेवूच नका. माउंटेड फंक्शनमध्ये सरळ धिसवर (कंपोनंटवरच) लावा, किंवा मार्करॉ करून (आवरण घालू नको असं सांगून) ठेवा. डेटात फक्त आकडे आणि रंगाची नावं.

कोऱ्या चौकटी: तुमचा आकडाच उत्तर सांगतोय. थ्री-जेएसच्या प्रत्येक कॅनव्हासला ग्राफिक्सची एक वेगळी जोडणी लागते, तिला वेबजीएल कॉन्टेक्स्ट म्हणतात. क्रोममध्ये एका वेळी असे १६ जिवंत राहतात, अँड्रॉइडवर ८. सतरावा आला की सगळ्यात जुना मारला जातो. २४ वजा १६ म्हणजे तुमच्या पहिल्या ८. कन्सोलमध्ये पिवळी वॉर्निंग असेल, नीट बघा. चित्र काढणारा रेंडरर एकच ठेवा. तो एकेक जोडी काढेल, ती लगेच त्याच फेरीत ड्रॉइमेजने साध्या टू-डी कॅनव्हासवर उतरवा. थांबलात तर बफर पुसला जातो आणि पुन्हा कोरं. ज्या चौकटीवर बोट पडेल तीच तेवढी जिवंत करा.

स्लायडरच्या इव्हेंटला थ्रॉटल ०.१ द्या (०.१ सेकंदात एकच निरोप), नाहीतर वेबसॉकेटवरून निरोपांची रांग लागते.

मागावरची_लेक
देव भलं करो. डेटा फंक्शनच होतं, आणि वॉर्निंगही होती, मी ती फिल्टर करून ठेवली होती! २४ च्या २४ आल्या, मोबाइलवरसुद्धा. काळपटपणा मात्र तसाच, आणि पत्रा तो पत्राच.

गोदाकाठ, नांदेड
काळपटपणाचं सोपं आहे. थ्री-जेएसच्या १५२ व्या आवृत्तीपासून हेक्स रंग आत घेताना लिनिअर (उजेडाच्या हिशेबासाठीचे आकडे) केला जातो. त्यांची तयार मटेरियल बाहेर पडताना तो परत एसआरजीबी (स्क्रीनला लागणारे आकडे) करतात, तुमचा शेडर करत नाही. फ्रॅगमेंट शेडरच्या शेवटी कलरस्पेस_फ्रॅगमेंट इन्क्लूड करा.

पत्र्याचं जरा मोठं आहे. तुम्ही कडेला एक रंग आणि समोर दुसरा, असं नॉर्मलच्या (पृष्ठभागाच्या काटकोनातल्या दिशेच्या) कोनावरून मिसळलं असणार. मोटारीच्या रंगाला ते चालतं. रेशमाचा धागा बारीक नळीसारखा असतो, तो कसा चमकेल हे त्याच्या लांबीच्या दिशेवर ठरतं. काजिया आणि के यांनी १९८९ मध्ये केसाळ कातडीसाठी जी रीत मांडली तिचंच एक रूप इथं चालतं. उजेडाची दिशा आणि नजरेची दिशा यांच्या मधला व्हेक्टर घ्या, त्याचा धाग्याच्या दिशेशी डॉट (दोन दिशा किती जुळतात तो गुणाकार) काढा. डॉट शून्याजवळ असेल तर धागा उजळतो. हे दोनदा करायचं, ताण्यासाठी वेगळं, बाण्यासाठी वेगळं, आणि दोन्ही आपापल्या रंगाने गुणून बेरीज.

पण एवढं करूनही सपाट चौकोनावर फारसं काही दिसणार नाही. सूर्यासारखा दूरचा उजेड धरला तर सगळीकडे जवळपास एकच कोन. दुकानात बाबा कापड कसं दाखवतात ते आठवा.

मागावरची_लेक
दोन बोटांत चिमटीत चुणी धरतात आणि खिडकीकडे तिरकी करतात! कधीच सपाट दाखवत नाहीत.

गोदाकाठ, नांदेड
झालं तर मग. मेशला चुण्या पाडा, व्हर्टेक्स शेडरमध्ये (मेशचे बिंदू हलवणारा भाग) साध्या साइन लाटेने. चुणी ताण्याला समांतर असेल तर बाण्याची दिशा तिच्यावरून वळते आणि ताण्याची तशीच राहते. म्हणजे बाण्याचा रंग उजळतो-विझतो, ताण्याचा जागेवर थांबतो. वळलेली दिशा लाटेच्या उतारावरून काढा, सपाट कापडाची वापरू नका. तिथंच सगळे फसतात, मीही फसलो होतो.

मागावरची_लेक
रविवार, सकाळचे अकरा. रात्री दोनला जमलं. हिरवा ताणा, राणी बाणा, आणि चुणीच्या चढावर राणी पेटतो अन् उतारावर हिरवा उरतो. काका म्हणले, "हं, आता धागा दिसायला." जरीचं अजून पितळ दिसतंय, ते नंतर.

बाबांनी मात्र मोबाइल हातात घेतला आणि काही न बोलता खिडकीकडे तिरका केला. काहीच हललं नाही. परत तिरका केला. मग माझ्याकडे बघितलं.

तर आता मोबाइलच्या कलण्यावर उजेडाची दिशा जोडायचीय. डिव्हाइस-ओरिएंटेशनचा इव्हेंट लावला, लॅपटॉपचा आयपी टाकून मोबाइलवर उघडलं, तर इव्हेंटच येत नाही. कोणी केलंय का हे?

जिंतूर_रोड, परभणी
साध्या एचटीटीपीवर क्रोम तो इव्हेंट देत नाही, एचटीटीपीएस लागतं. यूआय रनला सर्टिफिकेट आणि की या दोन फाइलींचे पत्ते द्या, ते खाली युव्हिकॉर्न या सर्व्हरकडे जातात. घरचं स्वतः सही केलेलं चालतं, एकदा लाल पान येईल ते ओलांडायचं. आयफोनवाल्या गिऱ्हाइकासाठी एक बटण ठेवा, तिथं बोट लावून परवानगी घेतल्याशिवाय काही मिळत नाही.