माजघराच्या भिंतीतले अडीच फूट : कुटुंबाच्या ग्रुपवरील चर्चा

शनिवार पेठेतली सूनबाई : सर्व वडीलधाऱ्यांना नमस्कार. वाड्याच्या मागच्या सोप्याची डागडुजी करण्याआधी मी आणि यांनी मिळून सगळी मापे घेतली, आणि त्यातून एक कोडे उभे राहिले आहे. मागची भिंत बाहेरून 34 फूट भरते. आत स्वयंपाकघर 12 फूट, माजघर 14 फूट आणि दोन्ही टोकांच्या भिंती प्रत्येकी दोन फूट. म्हणजे स्वयंपाकघर आणि माजघर यांच्यामधली भिंत चार फुटांची असली पाहिजे. मात्र तीच भिंत वरच्या मजल्यावर केवळ दीड फुटाची आहे. खालचे अडीच फूट कुठे गेले? याखेरीज स्वयंपाकघराच्या ईशान्य कोपऱ्यातली शहाबादी फरशी ठोकली की पोकळ वाजते. आम्हा दोघांना काहीही फोडायचे नाही. आपले घर कसे बांधले होते, एवढे नीट समजून घ्यायचे आहे. कुणाला काही आठवत असेल तर कृपया सविस्तर लिहावे.

कोथरूडचा पुतण्या : काकू, ते भुयारच असणार. आजोबा नेहमी म्हणायचे की, आपल्या वाड्यातून शनिवारवाड्यापर्यंत वाट होती. भिंतीत सोन्याचा हंडा निघाला तर आम्हाला विसरू नका. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ जमिनीखालचे धन नुसते उभे राहून सांगतात; त्यांना घेऊन येऊ का?

वकीलकाका : त्या गृहस्थांना कृपया वाड्यात आणू नये. गुप्तधनाच्या नावाने या राज्यात माणसांचे जीव गेले आहेत, आणि 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत गुप्तधनाच्या शोधासाठी केलेल्या अघोरी कृत्यांचा उल्लेख आहे तो उगाच नव्हे. शिवाय 1878 चा निखात निधीचा, म्हणजे पुरलेल्या धनाचा, कायदा आजही लागू आहे. जमिनीत किंवा जमिनीशी जोडलेल्या कोणत्याही गोष्टीत, म्हणजे घराच्या भिंतीतसुद्धा, दडवलेली दहा रुपयांपेक्षा अधिक मोलाची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. घर आपले आहे म्हणून हंडा आपोआप आपला होत नाही.

भुयाराविषयी सांगायचे तर पेठांमधल्या पुष्कळ घरांत ही कथा सांगितली जाते आणि तिला एक खरा आधार आहे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, 1750 च्या सुमारास, कात्रजच्या तलावातून शहरात पाणी आणण्यासाठी जमिनीखालून नळ बांधला गेला. काही भागांत तो माणूस आत शिरू शकेल एवढा मोठा आहे, आणि हवा खेळती राहावी म्हणून त्यावर ठरावीक अंतराने उच्छ्वास ठेवलेले होते. पुढे पाया खणताना तो कुणाच्या नजरेस पडला की भुयार सापडल्याची बातमी होत असे. पाण्याची ती व्यवस्था मला पळून जाण्याच्या वाटेपेक्षा कितीतरी अधिक थोर वाटते. आपल्या कोपऱ्याखाली मात्र तो नळ आहे असे मानायला आज कोणताही पुरावा नाही.

नाशिकचा दादा : मी इमारतींचे काम करतो म्हणून विचारतो. वहिनी, माजघराचा कडीपाट, म्हणजे लाकडी कड्या आणि त्यांवरच्या फळ्यांचे छत, खालून नीट पाहिला का? त्या जाड भिंतीलगतच्या सगळ्या कड्या थेट भिंतीत गेल्या आहेत की काही मध्येच थांबतात?

शनिवार पेठेतली सूनबाई : आताच विजेरी घेऊन पाहून आलो. तीन कड्या भिंतीपर्यंत पोहोचतच नाहीत. अलीकडेच एका आडव्या लाकडावर टेकल्या आहेत. त्यापुढच्या फळ्या सागवानी नाहीत, हलक्या लाकडाच्या आहेत आणि त्यांचे खिळेही निराळे आहेत.

नाशिकचा दादा : मग बहुधा उत्तर मिळाले. कड्या अशा मध्येच अडवून आडवे लाकूड घालतात ते फळ्यांच्या पाटणीत जिन्यासाठी मोकळी जागा सोडायची असते तेव्हा. जुन्या वाड्यांत जाड भिंतीच्या पोटातून अरुंद, अंधारा, उंच पायऱ्यांचा जिना काढण्याची रीतच होती. त्यामुळे खोलीतली जागा वाचे, आणि एक दार लावले की वरचा मजला सुरक्षित होई. अडीच फूट ही त्या जिन्याला शोभणारी रुंदी आहे. नंतर कुणीतरी वरचे तोंड फळ्यांनी आणि खालचे दार विटांनी बंद केले असावे. हा तर्क तपासण्यासाठी भिंतीला छिद्र पाडण्याचीही गरज नाही. वरच्या मजल्यावरची एक हलकी फळी सुताराकडून अलगद उचलून घ्यावी आणि मोबाइलला जोडता येणारा वायरचा बारीक कॅमेरा आत सोडावा. वाड्याचा भार मुख्यतः लाकडी खांब आणि तुळयांवर असला, तरी शेदीडशे वर्षांत तो कुठे कुठे सरकला असेल हे नुसते पाहून कळत नाही; म्हणून खालची विटांची भर मी स्वतः येऊन पाहीपर्यंत तशीच असू द्यावी.

साताऱ्याची आत्या : सूनबाई, तू विचारलेस म्हणून फार बरे वाटले. जिना होता, आणि मी त्यावरून पुष्कळदा पडले आहे. वरच्या दोन खोल्या भाडेकरूंना दिल्या तेव्हा त्यांच्या जाण्यायेण्यासाठी चौकातून लाकडी जिना काढला आणि आतला बंद केला. पेठेतल्या अनेक वाड्यांत त्या वर्षांत असेच झाले. भाडी गोठलेली, दुरुस्तीला पैसे नाहीत आणि घरात माणसे वाढलेली.

फरशीखाली तळघर आहे. त्यात धान्याच्या कणग्या, गूळ आणि चिंच असे, आणि उन्हाळ्यात तिथे इतका गारवा असे की, आम्ही मुले दुपारी खाली जाऊन झोपत असू. 12 जुलै 1961 ला पानशेतचे धरण फुटले आणि पाणी माजघराच्या कोनाड्यांपर्यंत चढले. आम्ही गच्चीवर होतो म्हणून वाचलो. पाणी ओसरल्यावर तळघर गाळाने तोंडापर्यंत भरलेले होते. धान्य कुजून येणारा तो वास माझ्या आईला पुढे कितीतरी दिवस जेवू देत नव्हता. थोडा गाळ उपसला, पण माणसे थकली, आणि वडिलांनी वरून फरशी घालून घेतली. खाली सोने नाही. आईची तांब्याची मोठी घंगाळी मात्र तिथेच राहिली असावीत.

वकीलकाका : ताई, हे मला या वयापर्यंत ठाऊक नव्हते. पुरानंतर चार वर्षांनी माझा जन्म झाला आणि घरात त्या दिवसाविषयी कुणी फारसे बोलत नसे.

नाशिकचा दादा : आत्याने सांगितल्यानंतर एक गोष्ट आग्रहाने लिहितो. कुजलेला गाळ असलेली बंद जागा जिवावर बेतू शकते. तिथे प्राणवायू कमी असतो आणि विषारी किंवा ज्वालाग्राही वायू साचलेले असू शकतात. त्यामुळे पेटता दिवा सोडून हवा पाहण्याची जुनी युक्ती इथे करू नये. धान्याचे जमिनीखालचे पेव उघडले की ते बराच वेळ तसेच मोकळे ठेवायचे, हे शेतकऱ्यांना पूर्वीपासून ठाऊक आहे. फरशी उघडायची तर वायुमापक असलेल्या जाणकारांच्या देखरेखीखालीच उघडावी आणि तोवर कुणीही आत वाकून पाहू नये.

शनिवार पेठेतली सूनबाई : आपण सर्वांनी लिहिले त्यानुसार आम्ही ठरवले आहे. येत्या रविवारी सुतारकाकांकडून वरची एकच फळी उचलून घेऊ आणि कॅमेऱ्यातले चित्रण इथे पाठवू. फरशीला तूर्त हात लावणार नाही. जिन्यात एखादा मोडी कागदांचा रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला गठ्ठा, आढळला, तर तो न उलगडता भारत इतिहास संशोधक मंडळात दाखवावा असे यांचे म्हणणे आहे, आणि मलाही ते पटते. आत्या, तुमच्या लग्नाआधी माजघरात काढलेले एखादे छायाचित्र असेल आणि त्यात जिन्याचे दार दिसत असेल, तर ते पाठवावे. दार एकपाखी होते की दोनपाखी, आणि कडी आतून होती की बाहेरून, तेही कळवावे. नवे दार त्याच घडणीचे करून घ्यायचा विचार आहे.