विश्वासाने तारण की कर्मांनी? भांडण नेमकं कशावरून आहे

पाचूबंदर
तारणासाठी, म्हणजे पापातून सुटकेसाठी, ‘कॅथलिक कर्मांवर विसंबतात, प्रॉटेस्टंट कृपेवर’ हे वाक्य परवा पुन्हा एका चर्चेत वाचलं. लिहिणाऱ्याने कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेचा १५४७ चा ठराव उघडूनही पाहिलेला नसतो, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यातला पहिलाच नियम असा: ख्रिस्ताद्वारे मिळणाऱ्या कृपेवाचून, नुसत्या स्वतःच्या कर्मांनी माणूस देवापुढे नीतिमान ठरतो असं जो म्हणेल तो बहिष्कृत. म्हणजे जे मत आम्हा कॅथलिकांच्या माथी मारलं जातं, ते आम्हीच पावणेपाचशे वर्षांपूर्वी मोडीत काढलंय.

फरक आहे, पण दुसरीकडे. प्रॉटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या ल्यूथरच्या मते ख्रिस्ताचं नीतिमत्त्व आपल्या खात्यावर जमा होतं, आणि माणूस मरेपर्यंत एकाच वेळी पापीही असतो आणि नीतिमानही. आमच्या मते कृपा आत उतरून माणसाला खरोखर बदलते. त्या कृपेत केलेली कर्मं मोजली जातात, गंभीर पापाने ती कृपा जाते, पापनिवेदनाने परत मिळते. ३१ ऑक्टोबर १९९९ ला आउग्सबुर्गमध्ये लुथरन जागतिक संघ आणि कॅथलिक चर्च यांनी मिळून सही केली: आपला स्वीकार होतो तो केवळ कृपेने, आपल्या पुण्याईमुळे नव्हे. भांडण मिटलंय, आपल्याकडे फक्त बातमी पोचलेली नाही.

नगरकर
मिटलं म्हणता? मग त्याच ठरावातला नववा नियम मागे घेतला का? केवळ विश्वासाने माणूस नीतिमान ठरतो, दुसऱ्या कशाची गरज नाही, असं म्हणणाऱ्यावर त्यात बहिष्कार आहे. १९९९ च्या कागदाने एवढंच म्हटलं की त्यात मांडलेली लुथरन शिकवण या बहिष्कारात बसत नाही. नियम जागच्या जागी आहे.

आणि दंडमाफीचं, म्हणजे पापाच्या दंडात चर्च देतं त्या सुटीचं, काय? १५१७ ला ल्यूथरचं भांडण पेटलं ते त्यावरूनच. २०२५ च्या जुबिली वर्षात रोमच्या पवित्र द्वारातून जाऊन बाकीच्या अटी पाळणाऱ्यांना पूर्ण दंडमाफी होतीच. दुकान तेच, पैसे घेणारा गल्ला तेवढा उचलला.

आमच्या मावशीच्या दफनविधीला पाळकसाहेब म्हणाले, ‘ती प्रभूजवळ पोचली आहे.’ विषय संपला. मांडवातून बाहेर पडताना तिचा वसईचा कॅथलिक जावई माझ्या आईला हळूच विचारतो, ‘मावशी, सासूबाईंच्या नावाने मिस्सा सांगून ठेवू ना?’ (मिस्सा म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, ती मृतासाठीही करतात.) आई चपला घालता घालता थांबली आणि म्हणाली, ‘का रे, तिचं काय बाकी राहिलंय?’ मला तरी सगळा वाद त्या प्रश्नात दिसतो.

पाचूबंदर
गल्ला पोप पायस पाचव्याने १५६७ लाच बंद केला, हे सांगितलंत ते बरं झालं. पण दंडमाफी म्हणजे पापक्षमा नव्हे. क्षमा आधीच झालेली असते, मागे उरलेल्या दंडाची ती सूट. आणि शुद्धिस्थानात, म्हणजे मरणानंतर उरलेला दंड फेडून शुद्ध होण्याच्या अवस्थेत, पोचलेला माणूस तारण झालेलाच असतो, तिथून नरकात कुणी जात नाही. जावई मावशींच्या तारणासाठी मिस्सा मागत नव्हता.

नगरकर
तारण झालं, पण हिशेब बाकी! क्रूसावरून ख्रिस्ताने ‘पूर्ण झाले आहे’ म्हटलं, त्यानंतर कसला दंड उरतो?

मुक्तिफौजेचा नातू
नगरकर, तुम्ही ‘आम्ही प्रॉटेस्टंट’ म्हणून बोलताय त्यात नक्की कोण कोण येतं? ल्यूथरच्या १५२९ च्या छोट्या प्रश्नोत्तरीत बाप्तिस्म्याने पापांची क्षमा होते असं स्वच्छ लिहिलंय. आमच्या आजोबांच्या मुक्तिफौजेत (सॅल्व्हेशन आर्मी) बाप्तिस्माच नाही, प्रभुभोजनही नाही. लुथरनांच्या १५३० च्या आउग्सबुर्ग कबुलीजबाबाप्रमाणे नीतिमान ठरलेला माणूसही पवित्र आत्मा गमावू शकतो. निवडलेले शेवटपर्यंत टिकणारच, हे दुसरा प्रॉटेस्टंट सुधारक कॅल्विन याच्या परंपरेचं म्हणणं, आणि मेथडिस्टांच्या वेस्लीला ते पटलं नाही. तुमच्यातच चार मतं असताना एकट्या वसईकरांना कशाला धारेवर धरता?

वाचनवेडा
बाहेरचा माणूस म्हणून विचारतो. रामानुजांच्या परंपरेत माकडाचं पिल्लू आईला घट्ट धरतं आणि मांजरीचं पिल्लू आई तोंडात धरून नेते, असा वाद आहे. कॅथलिक म्हणजे माकड, प्रॉटेस्टंट म्हणजे मांजर, असं समजू का?

पाचूबंदर
मांजर त्यांना लागू पडेलही. आमचं माकड मात्र अडचणीचं आहे, कारण धरायची ताकदसुद्धा कृपेनेच येते ही संत ऑगस्टीनपासूनची शिकवण. पिल्लू हात सोडू शकतं, एवढंच आमचं जास्तीचं म्हणणं.

नगरकर
नातूसाहेब, मतं चार असतील, पण मेलेल्याचा दंड फेडायला त्यांतलं कुणीच मिस्सा सांगत नाही. आणि पाचूबंदर, ‘हात सोडू शकतं’ म्हणजे मरेपर्यंत धाकधूक. शेवटपर्यंत टिकेनच अशी अचूक खात्री, विशेष प्रकटीकरणाशिवाय, बाळगणाऱ्याला ट्रेंटचा सोळावा नियम बहिष्कृत करतो. नव्या करारात प्रेषित पौल रोमकरांना लिहितो की त्याची खात्री आहे, मरणही आपल्याला देवाच्या प्रीतीपासून वेगळं करू शकणार नाही. त्याला काय म्हणाल?

पाचूबंदर
पौलच म्हणेन. रोमकरांस आठवा अध्याय तुम्ही वाचलात, आता करिंथकरांस पहिल्या पत्राचा नववा वाचा, शेवटची ओवी. तिथे तोच पौल आपलं शरीर कह्यात ठेवतो, इतरांना उपदेश करून आपणच नापसंत ठरू नये म्हणून.