नुसत्या जिप्समने क्षारपड रान सुधारत नाही

कृष्णाकाठ
काल इथे एकाने लिहिलं, 'एकरी दोन टन जिप्सम टाका, हिरवळीच्या खताचा धैंचा पेरून गाडा, दोन वर्षांत क्षार साचून नापीक झालेली क्षारपड जमीन पहिल्यासारखी.' हे वाचून गप्प बसवेना. वाळवा, मिरज, शिरोळ भागात अशाच सल्ल्यापायी लोकांनी पैसे मातीत घातलेत. जिप्सम हे चोपण, म्हणजे सोडियम साठून घट्ट झालेल्या जमिनीचं औषध. त्यातलं कॅल्शियम मातीच्या कणांना धरून बसलेल्या सोडियमला हुसकावतं. पण सुटलेला सोडियम पाण्याबरोबर खाली निघून जायला हवा ना? दोन-तीन फुटांवरच पाणी साचलेलं असेल तर तो जाणार कुठे? आणि सामू (पीएच) ८.५ च्या आत, क्षारता (ईसी) ४ डेसीसायमन प्रति मीटरच्या वर आणि सोडियमचं प्रमाण कमी असेल, तर ती क्षारयुक्त जमीन. तिला जिप्सम नको, निचरा हवा आणि धुवायला गोडं पाणी हवं. आधी माती तपासा.

मळेवाला
ते मीच लिहिलंय. दीड एकरात मीठ फुटून पांढरं झालं होतं. जिप्सम घातलं, शेणखत घातलं, दोनदा धैंचा गाडला. आज तिथे गहू उभा आहे. डोळ्यांनी बघितलेलं खोटं ठरवू नका.

कृष्णाकाठ
रान ओढ्याला लागून आहे का?

मळेवाला
आहे. मग?

कृष्णाकाठ
मग मीठ पावसाने धुतलं आणि ओढ्याने नेलं, दादा. धैंच्याच्या मुळ्यांनी माती मोकळी केली, एवढं मान्य. पांढरा थर म्हणजे बहुतेक क्षारयुक्तच. जिप्समचा खर्च वाया गेला असणार. ज्याच्या चारी बाजूंनी ऊस उभा आहे, पाण्याला बाहेर वाटच नाही, त्याला तुमचा उपाय सांगू नका. त्याला साचलेलं पाणी बाहेर काढायला जमिनीखाली सच्छिद्र पाईपच टाकावे लागतात.

शिवारकन्या
पाईप टाकाल हो, पाणी सोडायचं कुठे? आमचं रान मध्ये, नाला खालच्या बाजूला, मधे भावकीचा बांध. चुलत सासऱ्यांनी चर काढू दिली नाही. तीन एकरांत लव्हाळा माजलाय. यावर कोणी बोलत नाही!

खालचा बांध
मी बोलतो. वरच्यांनी उसाला रात्रभर मोटार चालू ठेवायची आणि ते खारं पाणी आम्ही रानातून जाऊ द्यायचं? उघड्या चरीत माझे दोन गुंठे जातात. भरपाई कोण देणार?

शिवारकन्या
रात्रभर मोटार आमची नाही, आमच्याकडे ठिबक आहे! सगळ्यांना एका माळेत ओवू नका. नवऱ्याने बंद पाईपने पाणी न्यायची तयारी दाखवली होती, खर्च आमचा. तरी नाहीच म्हणाले.

खालचा बांध
बंद पाईप, तीन-चार फूट खोल, वर माझी नांगरट चालणार असेल तर मी आडवा येणार नाही. पण कागदावर लिहून द्या. तोंडी शब्दावर आमचा एक बांध आधीच गेलाय.

कृष्णाकाठ
म्हणूनच हे एकट्या-दुकट्याचं काम नाही. नाल्यापर्यंतच्या सगळ्या रानमालकांनी मिळून पाण्याला उतार काढून द्यायला हवा.

मळेवाला
सगळे एकत्र येईपर्यंत माणसाने रान पडीक ठेवायचं का? माती तपासून घेतो, ते तुमचं बरोबर. पण धैंचा मी सोडणार नाही.