मदत हवी: कोण नसताना पण लाईट पेटूलीय, परवा पावणे येणार

शहापूरचा_बाळ्या
गणपतीच्या आरासीला मोर केलोय, समोर कोण आलं की पिसाऱ्यातली एलईडी पट्टी पेटायची, गेलं की विझायची, एवढंच पाहिजे. कोड नेटवरनं घेतलो. पण कोण नसताना पण पेटूलीय आणि विझली की लगेच परत. रात्री दोनला उठून बघितलो तर चालूच. आई म्हणतीया उंदीरमामा आले असतील. लवकर सांगा!

टिळकवाडीकर
बोर्ड कुठला? सेन्सर कुठला? सप्लाय कुठनं? ज्योतिषी नाही आम्ही.

शहापूरचा_बाळ्या
आर्डुइनो ऊनो, कोड घालायचा छोटा बोर्ड. सेन्सर तो पांढऱ्या घुमटाचा.

निपाणीचा_पावणा
पीआयआर तो, अंगाच्या उष्णतेवरनं हालचाल ओळखणारा. फेकून दे, रडारचा घे, आरसीडब्ल्यूएल-०५१६. मी गोठ्यात लावलोय, एक नंबर.

खानापूरवाला
रडार प्लायवूडच्या पलीकडचं पण पकडतंय. शेजारच्या खोलीत आजी कुशीवर वळली की इथं दिवाळी. आणि गोठ्यात म्हैस सारखी हलणारच, तुला खरं-खोटं कसं कळणार?

निपाणीचा_पावणा
म्हशीवर जाऊ नको.

कॅम्पातला
एवढा खटाटोप कशाला, सेन्सरवाला बल्ब मिळतो की तयार, होल्डरात लावला झालं.

शहापूरचा_बाळ्या
मोराच्या पिसाऱ्यात होल्डर कुठनं आणू??

टिळकवाडीकर
सप्लायचं अजून सांगितलं नाहीस.

शहापूरचा_बाळ्या
ते काय, मोबाईलचा चार्जर ऊनोला, ऊनोच्या ५ व्होल्टवरनं पट्टी. डब्ल्यूएस२८१२बी, ६० एलईडी.

टिळकवाडीकर
इथंच घाण आहे. पूर्ण पांढऱ्याला एक एलईडी ६० मिलिअँपिअरपर्यंत खाते, ६० म्हणजे ३.६ अँपिअर. पट्टी पेटली-विझली की व्होल्टेज खालीवर होतं, सेन्सरला वाटतं माणूस आला, परत पेटवतो. पट्टीला वेगळा ५ व्होल्ट ५ अँपिअर सप्लाय दे, ऊनोचा आणि त्याचा ग्राउंड, म्हणजे मायनस, एकत्र जोड, पट्टीच्या तोंडाशी व्होल्टेज सावरायला १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, प्लस-मायनस बघून. चालू केल्यावर पहिला मिनिटभर सेन्सर येड्यासारखा करतो, तो सोडून दे. आणि समई कुठं आहे?

शहापूरचा_बाळ्या
सेन्सरच्या समोर, हातभर अंतरावर. रात्रभर असते.

खानापूरवाला
अरे देवा. पीआयआर उष्णतेतला बदलच बघतंय, पंख्यानं ज्योत हलली की संपलं.

कॅम्पातला
मोराचा फोटो टाक की. थर्माकोल हाय काय?

शहापूरचा_बाळ्या
पुठ्ठा. सप्लाय आणलो, आता आपोआप पेटत नाही. समई हलवायला आई तयार नाही, मग सेन्सरच मोराच्या पायाशी खाली केलो, तोंड दाराकडं. आता मांजर गेलं तरी पेटूलीय, त्याचं काय करू?