रूटची (सर्व्हरवरच्या सर्वाधिकारी खात्याची) सामायिक की बंद करायची आहे, पण रात्री २ वाजता मंजुरी कोण देणार?

रात्रपाळी: १२० उबुंटू सर्व्हर, ३० इंजिनियर आणि सगळ्यांकडे रूटची एकच एसएसएच की (दुरून लॉगिन करायची डिजिटल किल्ली). कोण शिरलं ते लॉगवरून कळत नाही. ऑडिटवाले म्हणतात, प्रत्येक लॉगिनला मंजुरीचं तिकीट काढा. सर्व्हर आडवा झालेला असताना ते कसं जमायचं?

किल्लीदार: तिकीट कशाला? सर्टिफिकेट, म्हणजे कीवर मुदतीची डिजिटल सही, वापरा; ओपनएसएसएच या लॉगिनच्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय २०१० पासून आहे. सही करणारी सीए (सर्टिफिकेट देणारी यंत्रणा) की वेगळ्या मशीनवर ठेवा. सकाळी सिंगल साइन-ऑन (कंपनीचं एकच सामाईक लॉगिन) आणि हार्डवेअर टोकन झालं की इंजिनियरच्या स्वतःच्या पब्लिक कीवर ८ तासांची सही मिळाली पाहिजे. मुदतीची सुरुवात ५ मिनिटं मागची धरा. सर्व्हरचं घड्याळ मागे असेल तर ‘अजून लागू नाही’ म्हणून तो दारातूनच परत पाठवतो. की-आयडीत माणसाचं लॉगिन नाव घाला, लॉगमध्ये तेच उमटतं. सर्व्हरवर ‘ट्रस्टेड यूजर सीए कीज’ची (कोणत्या सीएची सही मानायची त्याची) ओळ टाका, ‘एसएसएचडी -टी’ने सेटिंग तपासा, एक सेशन उघडं ठेवून मगच रीलोड करा. सर्व्हरवरच्या जुन्या ऑथोराइज्ड कीज (थेट प्रवेश देणाऱ्या कीजची यादी) पुसल्या नाहीत तर हा सगळा खटाटोप वाया.

शून्यवापरकर्ता: मुदत फक्त लॉगिनच्या वेळी तपासली जाते. चालू सेशन आठ तासांनंतरही चालूच राहतं. कुणी नोकरी सोडली तर ‘रिव्होक्ड कीज’मध्ये (रद्द केलेल्या कीजच्या फाइलमध्ये) नोंद करा आणि त्याची सेशन्सही मारा. ती फाइल वाचता आली नाही तर सगळ्यांचंच की-लॉगिन बंद होतं, म्हणून परवानग्या नीट बघा.

थेट रूट लॉगिन बंदच करा. स्वतःच्या खात्यातून सुडो (ठरावीक कमांड रूटच्या अधिकाराने चालवायची सोय). त्यात विम (एडिटर) किंवा लेस (फाइल वाचायचं साधन) दिलं की रूट शेल, म्हणजे हवी ती कमांड चालवायची मोकळीक, दिलंच म्हणून समजा. फाइल बदलायला सुडोएडिट द्या. सुडोच्या नियमात कमांडपुढच्या आर्ग्युमेंटमधल्या तारांकनात स्पेसही बसते: ‘कॅट /व्हार/लॉग/*’ला परवानगी असेल तर त्याच कमांडच्या शेवटी /ईटीसी/शॅडो (पासवर्डच्या हॅशची फाइल) जोडून तीही वाचता येते.

रात्रपाळी: आणि सीएचं मशीनच बंद पडलं तर?

किल्लीदार: कन्सोलसाठी (एसएसएचशिवाय थेट सर्व्हरवर लॉगिन करायला) एक लोकल खातं, लांबलचक पासवर्ड, सीलबंद पाकिटात, दोन ठिकाणी. उघडायला मंजुरी नको, पण त्या खात्याचं लॉगिन झालं की पूर्ण ऑनकॉल टीमला अलर्ट गेला पाहिजे. लॉग त्याच सर्व्हरवर ठेवू नका, रूट तो पुसू शकतो. वापर झाला की पासवर्ड बदला, आणि दर तीन महिन्यांनी पाकीट खरंच चालतं का ते लॉगिन करून बघा.